परतीच्या पत्त्याची स्थळप्रत

गणपतीची वर्गणी मागायला येणाऱ्या पोरांच्या हातातलं पावतीपुस्तक आठवा. वरचं पान फाडून तुम्हाला देतात, कार्बनखालचं पान पुस्तकातच राहतं. कचेरीच्या मराठीत त्या खालच्या पानाला स्थळप्रत म्हणतात. पाचशेच्या पावतीवर घरी नेऊन तुम्ही एक शून्य वाढवलंत तरी मंडळाचं काही बिघडत नाही. हिशेबाच्या दिवशी खजिनदार पुस्तक उघडतो, दोन्ही पानं शेजारी ठेवतो आणि तुमच्या तोंडाकडे बघतो.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच प्रोसेसरांत हीच युक्ती बसवलेली आहे. तिचं नाव शॅडो स्टॅक. इंटेलने तिचा तपशील २०१६ मध्ये प्रसिद्ध केला, पण साध्या प्रोग्रॅमांना ती वापरता येण्याची सोय लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आली २०२३ मध्ये. एका कार्बन कागदासाठी सात वर्षं! त्यातली काही वर्षं चिप बाजारात यायला लागली हे खरं. पण उरलेला बराचसा वेळ एकाच अडचणीत गेला: पावतीत खाडाखोड करायची गरज चोराला असते तशी कधीकधी खजिनदारालाही असते. खजिनदारासाठी दार ठेवायचं, पण चोराला त्यातून येता कामा नये. हे दार घडवणं कर्नलचं काम, आणि लिनक्सच्या जगात एकदा बसवलेलं दार पुन्हा काढता येत नाही.

पंचविसावा बाइट

आधी चोरी कशी होते ते बघू. प्रोग्रॅम फंक्शनांचा बनलेला असतो. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला. तिसऱ्याचं काम आटोपलं की दुसऱ्यात नेमकं कुठे परत जायचं, हे कुठेतरी टिपून ठेवावं लागतं. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत 'कॉल' ही सूचना परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एकावर एक रचलेल्या चळतीवर, ठेवते आणि 'रिट' ही सूचना तो उचलून तिथे उडी मारते. 'रिट' चौकशी करत बसत नाही. स्टॅकच्या टोकावर जे आठ बाइट सापडतील, तोच तिच्या लेखी पत्ता.

आता ज्या स्टॅकवर हा पत्ता असतो, त्याच स्टॅकवर फंक्शन आपलं इतर सामानही मांडून बसतं. समजा, फंक्शनने नाव वाचून घ्यायला १६ बाइटांची जागा ठेवली आहे. कंपायलरने (लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) काही हुशारी केली नाही, तर त्या १६ बाइटांच्या लगेच वर आठ बाइट असतात आधीच्या फंक्शनच्या चौकटीचा (स्टॅकवरच्या त्याच्या जागेचा) पत्ता, आणि त्याच्या वर आठ बाइट परतीचा पत्ता. नाव १६ बाइटांत संपलं तर सगळं ठीक. लांबी न तपासता लिहीत गेलं तर २५ व्या बाइटला परतीच्या पत्त्याला हात लागतो आणि ३२ व्या बाइटला तो पूर्ण बदललेला असतो. मग फंक्शन संपतं, 'रिट' चालते आणि प्रोग्रॅम नाव टाइप करणाऱ्याने सांगितलेल्या ठिकाणी जातो.

२ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेल्या मॉरिस वर्मने, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, इतर युक्त्यांसोबत हीही वापरली होती. यंत्राच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या 'फिंगर' सेवेने ५१२ बाइटांची जागा ठेवली होती, वर्मने ५३६ पाठवले.

त्यानंतरची बचावाची कहाणी थोडक्यात सांगतो. स्टॅकवरचे बाइट कोड म्हणून चालवायचेच नाहीत, असा नियम प्रोसेसरांत आला. स्टॅकवर परतीच्या पत्त्याच्या आधी एक गुप्त संख्या ठेवायची आणि परतताना ती शाबूत आहे का बघायचं, ही 'कॅनरी' १९९८ मध्ये आली. दोन्ही उपाय चांगले आणि दोन्ही आजही वापरात आहेत. पण २००७ मध्ये होवाव शाखम यांनी दाखवून दिलं की हल्लेखोराला स्वतःचा कोड आणायची गरजच नाही. प्रोग्रॅमच्या पोटात 'रिट'ने संपणारे दोन-चार सूचनांचे हजारो तुकडे आधीच पडलेले असतात. स्टॅकवर परतीच्या पत्त्यांची माळ नीट ओवली की हे तुकडे एकामागून एक चालतात आणि त्यांतून हवं ते काम करून घेता येतं. चोराने रिकाम्या हाताने यायचं आणि आपल्याच ओट्यावर आपल्याच भांड्यांत स्वयंपाक करायचा, असा हा प्रकार. कॅनरीची अडचण अशी की ती ओळीने लिहीत येणाऱ्याला पकडते; नेमकी परतीच्या पत्त्यावरच बोट ठेवणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही.

प्रोसेसरचा वाटा

म्हणून स्थळप्रत. इंटेलने जून २०१६ मध्ये 'कंट्रोल-फ्लो एन्फोर्समेंट टेक्नॉलॉजी' म्हणजे सीईटीचा तपशील जाहीर केला. २०२० मध्ये टायगर लेक चिपांतून ती प्रत्यक्षात आली, आणि त्याच वर्षी एएमडीच्या झेन ३ मध्येही शॅडो स्टॅक आला. 'कॉल' आता परतीचा पत्ता दोन ठिकाणी लिहिते, नेहमीच्या स्टॅकवर आणि शॅडो स्टॅकवर. 'रिट' दोन्हीकडून उचलते आणि ताडून बघते. जुळले तर उडी. नाही जुळले तर प्रोसेसर कर्नलला २१ क्रमांकाची हाक मारतो, आणि कर्नल त्या प्रोग्रॅमला सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल देऊन बहुधा तिथेच संपवतो.

शॅडो स्टॅकवर साध्या सूचनांनी वाचता येतं, लिहिता येत नाही. तिथे लिहितात त्या 'कॉल' आणि तिच्यासारख्या मोजक्या सूचना. म्हणजे नावाच्या जागी कितीही अक्षरं ओता, स्थळप्रतीला शाई लागत नाही.

इथवर सगळं सरळ आहे. पण शॅडो स्टॅक काही वेगळ्या तिजोरीत नसतो. तो असतो साध्या मेमरीतच. अमुक पान स्थळप्रतीचं आहे हे प्रोसेसरला कोण सांगणार? कर्नल. कसं सांगणार? इथून खरी गोष्ट सुरू होते.

लिहिता न येणारं, तरीही मळलेलं पान

मेमरी ४०९६ बाइटांच्या पानांत वाटलेली असते आणि प्रत्येक पानाची एक नोंद कर्नल ठेवतो. त्या नोंदीत एकेक बिटाच्या खुणा असतात. एक खूण सांगते की पानावर लिहायची परवानगी आहे. दुसरी खूण प्रोसेसर स्वतः करतो, पानावर कुणी लिहिलं की तो ते 'मळलं' अशी नोंद करतो. शॅडो स्टॅकसाठी एक नवी खूण हवी होती, पण मोकळे बिट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमांनी आपापल्या सोयीसाठी आधीच वापरायला घेतलेले. मग इंटेलने एक विचित्र जोडी निवडली: लिहायची परवानगी नाही, पण पान मळलेलं आहे. ज्यावर लिहिताच येत नाही ते मळेल कसं? वरवर बघता ही जोडी निरर्थक, म्हणजे मोकळी. तिलाच नवा अर्थ देऊ: हे पान शॅडो स्टॅकचं.

लिनक्समध्ये मात्र ही जोडी रोजच्या वापरात होती. एखाद्या प्रोग्रॅमने 'फोर्क' करून स्वतःची जुळी प्रत काढली की कर्नल सगळी मेमरी लगेच कॉपी करत बसत नाही. दोघांना तीच पानं दाखवतो आणि त्यांवरची लिहायची परवानगी काढून घेतो. कुणी लिहायला गेलं की मगच त्या एका पानाची प्रत काढायची. आता यांतल्या ज्या पानांवर आधी लिहिलं गेलं होतं, त्यांची स्थिती काय झाली? परवानगी नाही, पण मळलेलं. म्हणजे प्रत्येक 'फोर्क'नंतर शेकडो साधी पानं प्रोसेसरच्या नजरेत स्थळप्रती ठरणार.

यावर तोडगा असा निघाला की परवानगी काढून घेताना मळल्याची खूण तिथून उचलायची आणि ५८ व्या बिटावर ठेवायची. प्रोसेसर त्या बिटाकडे बघत नाही, तो केवळ कर्नलच्या आठवणीसाठी. परवानगी परत दिली की खूणही परत मूळ जागी. ऐकायला दोन ओळींचं काम वाटतं. पण पानाच्या नोंदीला हात लावणाऱ्या सगळ्या कोडला हा नियम पाळावा लागतो, आणि असा कोड कर्नलच्या सगळ्यात नाजूक, सगळ्यात वेगाने चालणाऱ्या भागात पसरलेला आहे. शिवाय 'या पानावर लिहायची परवानगी दे' या आज्ञेचे आता दोन अर्थ झाले: साधं लिहिणं की शॅडो स्टॅकचं लिहिणं? ते कळायला ते पान कुठल्या इलाख्यातलं आहे हे विचारणं आलं. तेव्हा ती आज्ञाच बदलावी लागली, आणि तीही ज्या प्रोसेसरांना शॅडो स्टॅकशी देणंघेणं नाही त्यांच्यासकट सगळ्यांसाठी. २०२३ मध्ये हे सगळं लिनक्स ६.४ साठी पुढे आलं तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मेमरीच्या या भागावर आक्षेप घेतले आणि ते परत गेलं. डागडुजी होऊन ते ६.६ मध्ये आलं. सुरुवातीला हे काम यू-चेंग यू यांनी वाहिलं होतं, शेवटाला नेलं रिक एजकोम्ब यांनी.

याच भागात एक चोरवाटही सापडली. लिनक्समध्ये प्रोग्रॅमची सगळी मेमरी एका फाइलसारखी उघडता येते, 'प्रॉक' खालच्या 'मेम' या नावाने. त्या वाटेने लिहिलं की कर्नल पानावरची लिहायची बंदी बाजूला सारतो, कारण डीबगरांना (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनांना) तशी गरज पडते. म्हणजे प्रोसेसरने लावलेलं कुलूप कर्नलच स्वतःच्या किल्लीने उघडून देणार! शॅडो स्टॅकच्या पानांपुरती ही सवलत काढून टाकली. असले कोपरे वाचताना मला जुन्या वाड्यात कुलूप बदलून देणारा माणूस आठवतो. पुढचं दार तासाभरात होतं. मागच्या परसातून, माडीवरून, शेजारच्या भिंतीवरून किती वाटा आहेत हे मोजण्यात उरलेला दिवस जातो.

चपलांचा बिल्ला

मुख्य प्रोग्रॅमला आणि नव्या थ्रेडला (त्याच प्रोग्रॅमात समांतर चालणाऱ्या धाग्याला) शॅडो स्टॅक कर्नल आपणहून देतो. पण काही प्रोग्रॅम स्वतःच स्टॅक बनवतात आणि एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा तिथूनच चालू होणारी फंक्शनं) किंवा हलके थ्रेड चालवणारी भाषांची यंत्रणा हे सर्रास करते. अशांना शॅडो स्टॅक मागवता यायला हवा.

सोपा मार्ग दिसत होता. मेमरी मागवायची सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला काम सांगायची हाक) 'एममॅप' आहेच, तिला एक नवा झेंडा (फ्लॅग) द्यायचा. हा प्रस्ताव मांडलाही गेला होता. गोची अशी की कोऱ्या शॅडो स्टॅकवर उडी मारता येत नाही. त्याच्या टोकावर आधी एक टोकन असावं लागतं. ते लिहायचं कुणी? प्रोग्रॅमने लिहायचं तर पान आधी लिहिता येणारं हवं आणि मग त्याचं शॅडो स्टॅकमध्ये रूपांतर करायचं. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडवर बसलेला हल्लेखोर त्या पानावर वाटेल तितके खोटे पत्ते लिहून ठेवू शकतो, आणि नंतर त्याच पानावर कर्नलचा शिक्का बसतो. कोऱ्या पावत्यांवर आधीच सह्या करून घेण्यातलाच प्रकार.

म्हणून 'मॅप शॅडो स्टॅक' नावाची स्वतंत्र सिस्टिम कॉल आली, क्रमांक ४५३. पान मागवणं, ते शॅडो स्टॅकचं ठरवणं आणि टोकन लिहिणं हे सगळं कर्नलच्या आत एका दमात होतं. हातात पडतो तो तयार, लिहिता न येणारा शॅडो स्टॅक. मला या सगळ्या रचनेत सर्वांत आवडलेला निर्णय हा. नव्या सिस्टिम कॉलला लोक नाकं मुरडतात, आणि जुन्या कॉलला एक झेंडा वाढवणं नेहमी स्वस्त वाटतं. इथे स्वस्त वाटेत फट होती.

ते टोकन म्हणजे काय? देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवरचा बिल्ला. त्यात त्याच्या स्वतःच्याच जागेवरून काढलेला पत्ता लिहिलेला असतो, त्यामुळे एका स्टॅकचा बिल्ला उचलून दुसरीकडे चालत नाही. दुसऱ्या शॅडो स्टॅकवर जाताना प्रोसेसर हा बिल्ला तपासतो आणि त्याच झटक्यात तो वापरून टाकतो. आता त्या स्टॅकच्या टोकावर चालू शकणारा बिल्ला उरला नाही, तेव्हा दुसरा थ्रेड त्यावर येऊच शकत नाही. निघताना जुन्या स्टॅकवर परतीसाठी नवा बिल्ला ठेवायची सूचना वेगळी आहे. दोन थ्रेड एकाच स्थळप्रतीवर लिहू लागले तर दोघांचेही पत्ते एकमेकांत मिसळले असते. ते टाळायला कर्नलला एकही ओळ लिहावी लागत नाही.

प्रामाणिक लबाड्या

'जिथून आलास तिथेच परत जा' हा नियम चांगले प्रोग्रॅमही मोडतात. सी भाषेतलं 'लाँगजंप' घ्या. दहा फंक्शनं आत गेल्यावर काहीतरी बिनसलं तर एकेक पायरी न उतरता ते थेट पहिल्या फंक्शनात उडी मारतं. साध्या स्टॅकवर यात काही नाही, टोक दाखवणारा आकडा बदलला की झालं. शॅडो स्टॅकवर मात्र मधले दहा पत्ते तसेच पडून राहतात आणि पुढची 'रिट' त्यांतल्या एकाशी ताडून बघते. म्हणून प्रोसेसरात एक सूचना आहे जी स्थळप्रतीची मधली पानं उलटते. ती पत्ते टाकून देऊ शकते, नवे लिहू शकत नाही, आणि एका वेळी जास्तीत जास्त २५५. त्याहून जास्त टाकायचे तर पुन्हा पुन्हा चालवायची.

हा २५५ चा आकडा फार कामाचा निघाला. आठ बाइटांचे २५५ पत्ते म्हणजे २०४० बाइट, अर्ध्या पानापेक्षाही कमी. शिवाय ही सूचना टाकलेल्या टप्प्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता प्रत्यक्ष स्पर्शून बघते. त्यामुळे कर्नल प्रत्येक शॅडो स्टॅकच्या सुरुवातीला एक निषिद्ध पान ठेवतो आणि निर्धास्त होतो. एक पान ४०९६ बाइटांचं. २०४० ची ढांग ते ओलांडू शकत नाही, पाय मध्येच पडतो आणि प्रोग्रॅम पकडला जातो. हे कुंपण नसतं तर हल्लेखोराने ढांगा टाकत शेजारच्या थ्रेडच्या शॅडो स्टॅकवर मुक्काम ठोकला असता.

सिग्नलचं प्रकरण यापेक्षा अवघड. सिग्नल (कर्नलने प्रोग्रॅमला दिलेला इशारा) आला की कर्नल चालू काम मध्येच थांबवतो, रजिस्टरांची (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांची) सगळी स्थिती साध्या स्टॅकवर मांडून ठेवतो आणि सिग्नल हाताळणारं फंक्शन चालवतो. ते आटोपलं की प्रोग्रॅम कर्नलला सांगतो, 'ती स्थिती परत चढव.' पण ती स्थिती साध्या स्टॅकवर आहे, म्हणजे हल्लेखोर तिथे हवी ती खोटी स्थिती मांडून कर्नलकडूनच ती चढवून घेऊ शकतो. २०१४ मध्ये एरिक बोसमन आणि हर्बर्ट बोस यांनी ही युक्ती नीट मांडून दाखवली. तेव्हा सिग्नल देताना कर्नल शॅडो स्टॅकवरही एक नोंद टाकतो: शॅडो स्टॅकचं टोक मुळात कुठे होतं तो पत्ता, आणि त्यात ६३ वा बिट चढवलेला. प्रोग्रॅमच्या खऱ्या पत्त्यांत हा बिट कधी चढलेला नसतो. त्यामुळे ही नोंद परतीच्या पत्त्यात खपत नाही, बिल्ल्यात खपत नाही, आणि एखादा खरा परतीचा पत्ता 'ही सिग्नलची नोंद आहे' म्हणून पुढे करता येत नाही. परत येताना कर्नल ही खूण बघतो, नसेल तर परत पाठवत नाही.

एक गोष्ट मात्र अर्धवट राहिली आहे. साधा स्टॅक भरून वाहिला तर सिग्नल हाताळायला दुसरा, राखीव स्टॅक वापरायची सोय युनिक्समध्ये आहे. शॅडो स्टॅकला x८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, असा राखीव भाऊ नाही. तोच भरला तर सिग्नल मांडायला जागाच नाही, प्रोग्रॅम जातो. हे चालवून घेतलं गेलं त्यामागे आकडेमोड आहे. प्रत्येक 'कॉल'ला शॅडो स्टॅकवर बरोबर आठ बाइट लागतात, साध्या स्टॅकवर किमान आठ, आणि सामान असेल तितके जास्त. म्हणून शॅडो स्टॅक साध्या स्टॅकच्या मर्यादेइतका मोठा दिला (वरची हद्द ४ जीबी) की सर्वसाधारणपणे साधाच आधी भरतो. आर्म या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्याच्या लोकांनी हाच हिशेब अर्ध्यावर आणला, कारण तिथे एका चौकटीत साधारण १६ बाइट तरी जातात. त्यामुळे मर्यादेच्या निम्मा, किंवा फार तर २ जीबी.

थ्रेडांच्या बाबतीतही कर्नल असाच अंदाजाने आकार ठरवतो. प्रोग्रॅमला स्वतः शॅडो स्टॅक बनवून 'हा नव्या थ्रेडला दे' असं 'क्लोन३' या कॉलमधून सांगता यावं, यासाठी मार्क ब्राउन यांनी २०२३ पासून फेऱ्यांवर फेऱ्या घातल्या. पुन्हा तोच प्रश्न: प्रोग्रॅमने पुढे केलेला स्टॅक खरंच कोरा आणि दुसऱ्या कुणाचा नाही, हे कर्नलने कसं मानायचं? उत्तर पुन्हा बिल्ल्यातच शोधावं लागतं.

बटण कुणाच्या हातात

सगळं तयार झालं, आता चालू करायचं कुणी? वाटतं तितका हा प्रश्न किरकोळ नाही. मला तर यातली खरी गोष्ट इथेच दिसते.

मूळ कल्पना सरळ होती. कंपायलरने प्रोग्रॅमच्या फाइलवर एक खूण करायची, 'याला शॅडो स्टॅक चालतो', आणि कर्नलने प्रोग्रॅम सुरू करताना ती बघून बटण दाबायचं. २०१८ मध्ये जीसीसी ८ या कंपायलरला ही खूण करता येऊ लागली. त्याच वर्षीच्या जीलिबसी २.२८ मध्ये (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची पायाभूत लायब्ररी) शॅडो स्टॅकचा आधारही आला, कर्नलमध्ये जे अजून स्वीकारलंच गेलं नव्हतं त्या प्रस्तावाप्रमाणे लिहिलेला. लिनक्स वितरणांनी उत्साहाने आपली पॅकेजं ही खूण करून बांधली. म्हणजे हजारो फाइलींवर 'चालतो' असं लिहिलेलं, आणि चालवून बघायला कर्नलच नव्हता.

आता कर्नलने त्या खुणेवर विश्वास ठेवला असता तर? लोक नुसता कर्नल बदलतील आणि ज्या प्रोग्रॅमांच्या खुणा खोट्या ठरतील ते दुसऱ्या दिवशी बंद पडतील. कर्नल बदलल्याने चालता प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा लिनक्सचा धर्म. म्हणून कर्नलने हात झटकले: मी खूण वाचणार नाही, बटण जीलिबसीने दाबावं. पण जुनं जीलिबसी तर आधीच लोकांच्या यंत्रांवर पोहोचलेलं, आणि ते जुन्या प्रस्तावातले क्रमांक वापरून बटण शोधतं. तेव्हा ते क्रमांक सोडून नवे घेतले. षोडशमान पद्धतीतले ३००१ ते ३००४ हे आकडे वापरू नका, जुन्या जीलिबसींमुळे, अशी ओळभर टीप कर्नलच्या हेडर फाइलीत आजही आहे. नवं बटण ५००१ वर. ज्या घराला कधी बिऱ्हाडच आलं नाही, त्याचा नंबर कायमचा राखून ठेवल्यासारखं. नव्या इंटरफेसला जुळणारा आधार जीलिबसी २.३९ मध्ये, २०२४ च्या सुरुवातीला आला.

बटण दाबण्यातही मेख आहे. दाबलं त्या क्षणी शॅडो स्टॅक कोरा असतो. म्हणजे ज्या फंक्शनाने बटण दाबलं, ते जर सरळ 'रिट' करून परतू लागलं तर स्थळप्रतीत त्याचा पत्ताच नाही, आणि प्रोग्रॅम स्वतःच्याच सुरक्षेने मरतो. म्हणून हे काम प्रोग्रॅम उभा राहताना, जिथून कुणी मागे परतणारच नाही अशा जागी करायचं असतं.

चालू झाल्यावर कुलूप लावायची सोय आहे. त्यानंतर प्रोग्रॅमला स्वतःलाही शॅडो स्टॅक बंद करता येत नाही. नाहीतर हल्लेखोराने पहिलं काम तेच केलं असतं. पण चालता प्रोग्रॅम गोठवून नंतर दुसरीकडे जसाच्या तसा जागा करणाऱ्या 'क्रियू' सारख्या साधनाला कुलूप उघडावंच लागतं. त्यांच्यासाठी उघडायचाही कॉल ठेवला, मात्र तो फक्त बाहेरून, डीबगरच्या अधिकाराने चालतो. आतल्या माणसाच्या हाती किल्ली नाही.

आर्मने 'गार्डेड कंट्रोल स्टॅक' या नावाने हीच सोय आणली आणि लिनक्स ६.१३ मध्ये तिला जागा मिळाली. मळलेल्या पानांची कसरत त्यांना करावी लागली नाही, पानांच्या परवानग्या त्यांनी वेगळ्या तक्त्यातून दिल्या. रिस्क-५ या आणखी एका प्रोसेसर-घराण्याने 'लिहिता येतं पण वाचता येत नाही' ही आधी राखून ठेवलेली जोडी उचलली. शॅडो स्टॅक मागवायची ४५३ ची कॉल आर्मने तशीच घेतली, चुकीच्या परतीचा सिग्नल-संकेतही तोच. बटण मात्र आर्मने सगळ्या प्रोसेसरांना चालेल अशा 'पीआरसीटीएल' या कॉलमध्ये ठेवलं, x८६ चं आपल्या घरापुरत्या कॉलमध्येच राहिलं. पहिल्याने रस्ता शोधायचा आणि दुसऱ्याने तो सरळ करायचा, हे चालायचंच.

स्वतः बघायचं असेल तर 'प्रॉक' खालच्या 'सीपीयूइन्फो' मध्ये 'युजर_एसएचएसटीके' हा शब्द शोधा. असेल तर प्रोसेसर आणि कर्नल दोघंही तयार आहेत. मग सी मध्ये वरचाच प्रयोग करा: १६ बाइटांची जागा, कॅनरी बंद, आणि २५ व्या बाइटपासून पुढच्या आठ बाइटांत स्वतःच्याच दुसऱ्या एका फंक्शनचा पत्ता. शॅडो स्टॅकशिवाय चालवलंत तर ते दुसरं फंक्शन कुणी हाक न मारता चालतं. जीलिबसीला सांगून शॅडो स्टॅक चालू केलात तर ते चालत नाही, प्रोग्रॅम पडतो. कर्नलच्या नोंदवहीत 'कंट्रोल प्रोटेक्शन' अशी ओळ उमटते, तीत साध्या स्टॅकचा पत्ता, त्याच्या शेजारी शॅडो स्टॅकचा, आणि पुढे कंसात चोरी कुठे पकडली ते: 'नियर रिट'.